गाडी रात्री कुठे उभी राहते?

प्रश्न: आमची पेट्रोल गाडी अकरा वर्षांची झाली, आता बदलायची वेळ आली आहे. यजमानांचा ओढा विजेच्या गाडीकडे आहे, पण गाडी मुख्यतः मीच चालवते. ऑफिसला जाऊन-येऊन रोज साधारण ४० किलोमीटर होतात. मधेच मुलीला क्लासला सोडणं असतं, महिन्यातून दोन-तीनदा सासऱ्यांना दवाखान्यात नेणं असतं. वर्षातून दोन-तीन वेळा सुट्यांमध्ये साडेपाचशे किलोमीटरवर माहेरी जातो. आम्ही मोठ्या इमारतीत राहतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये आमची जागा ठरलेली आहे, पण तिथे प्लग नाही. पैशांचा हिशेब आणि प्रदूषण यांवर मी पुष्कळ वाचलंय, ते कृपया पुन्हा सांगू नका. मला एवढंच विचारायचंय की रोजच्या वापराला सोयीची कुठली? दीर म्हणतात, चार्जिंगच्या मागे धावून जीव मेटाकुटीला येईल. मैत्रीण म्हणते, एकदा सवय लागली की पेट्रोल पंपाचं तोंड बघावंसं वाटत नाही. दोघंही खोटं बोलणारी नाहीत. शिवाय सासऱ्यांना रात्री-अपरात्री न्यावं लागलं आणि गाडी चार्ज नसली तर, ही धास्ती आहेच.
– द्विधेत सापडलेली

उत्तर: ताई, दोघंही खरं बोलतायत हे तुम्ही ओळखलंत, ते फार बरं झालं. माझा अंदाज असा की तुमच्या मैत्रिणीची गाडी रात्री घरच्या प्लगला लागते, आणि दिरांनी ज्यांचे हाल ऐकलेत त्यांच्या नशिबी ती सोय नसावी. विजेची गाडी सुखाची की त्रासाची, हे बहुतांशी एवढ्यावरच ठरतं. कंपनी कुठली, बॅटरी केवढी, हे नंतरचं. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. तळघरातल्या तुमच्या ठरलेल्या जागेवर प्लग मिळत असेल तर विजेची गाडी घ्या. तुमच्या वापराला ती पेट्रोलपेक्षा निःसंशय सोयीची पडेल. प्लग मिळतच नसेल, तर यजमानांची समजूत घाला आणि या खेपेला पेट्रोलच घ्या.

असं का म्हणते ते सविस्तर सांगते, कारण घरात तुम्हाला दोन्ही बाजूंना उत्तर द्यायचं आहे.

पेट्रोल गाडीची गैरसोय थोडीथोडी असते आणि वर्षभर पसरलेली असते. काटा खाली आला की पंपावर वळायचं, रांगेत थांबायचं, हाताला वास, नेमकी घाई असेल त्या सकाळी गाडी रिझर्व्हला लागलेली. तुम्हाला अकरा वर्षांत याची इतकी सवय झाली असेल की ती गैरसोय आहे हेच जाणवत नसेल. विजेच्या गाडीची वाटणी अगदी वेगळी आहे. वर्षातले बहुतेक दिवस ऊर्जा भरण्याचा विचारच मनात येत नाही, आणि वर्षभराची सगळी गैरसोय त्या दोन-तीन लांबच्या प्रवासांत एकगठ्ठा समोर येते. लोकांची मतं एवढी टोकाची का असतात, ते इथे कळतं. जो माणूस रोज ऑफिसला जातो तो सुखी असतो. ज्याला दर आठवड्याला चारशे-पाचशे किलोमीटर एका दमात जायचं असतं तो वैतागतो.

आता तुमचे ४० किलोमीटर घेऊ. मध्यम आकाराची विजेची गाडी १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट वीज खाते. गाडी हलकी असेल आणि पाय हलका असेल तर थोडी कमी, मोठी आणि उंच गाडी असेल तर जास्त. म्हणजे तुमचा दिवस ६ युनिटांत भागतो. गिझर ज्या पंधरा-सोळा अँपिअरच्या पॉइंटवर चालतो, तसल्या पॉइंटवरून गाडीला तासाला सुमारे ३ युनिट मिळतात. थोडी वीज वाटेत उष्णता होऊन वाया जाते. ती धरली तरी अडीच तासांत तुमचं दिवसभराचं धावणं भरून निघतं, आणि गाडी तर रात्री दहा तास नुसती उभी असते. तेवढ्या वेळात या साध्या पॉइंटवरूनही दीडशे किलोमीटरहून जास्त पल्ला गाडीत जातो. भिंतीवर बसवायचा ७ किलोवॅटचा चार्जर घेतला तर काम निम्म्याहून कमी वेळात होतं. पण तुमच्या वापराला त्याची गरजच आहे असं मला वाटत नाही. विक्रेते तो आग्रहाने सुचवतील. साधा पॉइंट आधी वापरून बघा आणि मग ठरवा.

रोज रात्री प्लग लावावा की नाही, हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच आठवड्यात पडेल. लावलात तरी चालतं, आणि आठवड्यातून दोनदा लावलात तरी तुमचं भागेल. मात्र बॅटरी कुठल्या रसायनाची आहे हे घेतानाच विचारून घ्या. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारातली असेल तर रोजच्या वापराला ८० टक्क्यांपर्यंतच भरावी आणि लांब जायच्या आदल्या रात्री १०० करावी, म्हणजे ती जास्त वर्षं टिकते. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारातली असेल तर बरेच उत्पादक अधूनमधून, बहुधा आठवड्यातून एकदा, पूर्ण १०० टक्के भरायला सांगतात, नाहीतर उरलेल्या चार्जचा आकडा नीट दिसत नाही. गाडीच्या पडद्यावर मर्यादा एकदा ठरवून ठेवली की ती आपोआप तिथे थांबते.

प्लग नसेल तर काय होतं तेही पाहा. तुमचा आठवडा, सगळ्या फेऱ्या मिळून, २८० किलोमीटरच्या आसपास जात असेल. म्हणजे ४२ युनिट. सार्वजनिक ठिकाणच्या ७ किलोवॅटच्या चार्जरवर ते भरायला सहा तासांहून जास्त लागतील. ६० किलोवॅटच्या जलद चार्जरवर सुमारे तासाभराचं काम, तेही चार्जर मोकळा असला, चालू असला आणि कुणी पेट्रोलची गाडी त्याच्यासमोर लावून गेलेलं नसलं तर. दर आठवड्याला हा तास काढायचा कुठून? मुलीच्या क्लासच्या वेळेत जमेल, असं सुरुवातीला वाटतं. दोन महिन्यांनी तेच ओझं होतं. पेट्रोल पंपावर पाच-सात मिनिटांत दहा-बारा दिवसांची निश्चिंती होते. तेव्हा निव्वळ सार्वजनिक चार्जिंगच्या भरवशावर राहणाऱ्याला पेट्रोलच सोयीचं, हे मी मोकळेपणाने सांगते. अपवाद एकच, ऑफिसच्या आवारात गाडी दिवसभर उभी राहते तिथे भरवशाचा चार्जर असेल तर. तुम्ही त्याबद्दल लिहिलं नाहीत, पण जरूर चौकशी करा. घरचा प्लग आणि ऑफिसचा प्लग यांत तुमच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

म्हणजे तुमचं पहिलं काम शोरूममध्ये नाही, इमारतीच्या व्यवस्थापन समितीकडे आहे. जाताना तोंडी विनंती घेऊन जाऊ नका. एखादा जाणकार इलेक्ट्रिशियन बरोबर घेऊन आधी तळघर बघून या. तुमच्या घराच्या मीटरपासून तुमच्या जागेपर्यंत स्वतंत्र वायर किती लांब ओढावी लागेल? ती पाइपातून नेता येईल का? मंजूर वीजभार पुरेसा आहे का? की सामाईक जोडणीतून घेऊन मध्ये उपमीटर बसवणं सोपं पडेल? याची उत्तरं कागदावर मांडून समितीपुढे ठेवलीत तर बहुतेक शंका तिथेच मिटतात, कारण समितीला मुख्य काळजी दोनच असतात: वीजबिल कोण भरणार आणि आग लागली तर काय. पहिल्याचं उत्तर मीटर देतो. दुसऱ्याचं उत्तर चांगल्या कामात आहे. स्वतंत्र एमसीबी, गळती झाली तर वीज तोडणारा स्विच, नीट अर्थिंग, आणि जाडी मोजून घेतलेली वायर. दोन-तीन तास सलग पूर्ण भार सोसणं स्वस्तातल्या सॉकेटला झेपत नाही, ते तापतं आणि वितळतं. एक्स्टेंशन बोर्ड लावून गाडी चार्ज करायची नाही, एका रात्रीपुरतीही नाही. इथे मी अजिबात सवलत देणार नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. प्रत्येक गाडीचं चार्जिंगचं तोंड वेगळ्या ठिकाणी असतं, कुणाचं नाकावर, कुणाचं पुढच्या चाकाजवळ, कुणाचं मागे जिथे पेट्रोलचं झाकण असतं तिथे. केबल बहुधा पाच-सात मीटरची असते. पॉइंट कुठल्या खांबावर घ्यायचा हे गाडी ठरल्यावर नक्की करा, नाहीतर रोज केबल टपावरून ओढून घ्यावी लागेल किंवा गाडी उलटी लावावी लागेल.

आता सासऱ्यांची काळजी. रात्री दोन वाजता निघावं लागलं तर? याच बाबतीत विजेची गाडी तुम्हाला अधिक निश्चिंत ठेवेल असं मला वाटतं. पेट्रोल गाडीत संध्याकाळी घरी येताना टाकीत जे उरलं असेल तेच रात्री असतं. प्लगला लावलेली गाडी मात्र दर तासाला जास्त भरत जाते. तुम्ही एक नियम करा: चार्ज ४० टक्क्यांखाली गेला की त्या रात्री प्लग लावायचाच. वास्तवात २५० किलोमीटर जाणाऱ्या गाडीत ४० टक्के म्हणजे १०० किलोमीटर, दवाखान्यात जाऊन परत यायला पुरून उरतील एवढे. चार्जिंग चालू असताना निघायचं झालं तर गाडीचं कुलूप उघडून केबल काढायची आणि निघायचं, पाव मिनिटाचं काम. ही कृती घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला एकदा करून दाखवा. काही गाड्यांत केबल गाडीच्या कुलपाबरोबर अडकते, आणि घाबरलेल्या माणसाला ती ओढून निघत नाही. एखाद्या रात्री वीज गेली तरी बिघडत नाही. आदल्या दिवशीचा साठा असतोच.

एक गोष्ट मात्र पुष्कळांना माहीत नसते. विजेच्या गाडीतही पेट्रोल गाडीसारखीच एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. दिवे, कुलपं, पडदा आणि मोठ्या बॅटरीला जागं करणारी यंत्रणा तिच्यावर चालते. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. सर्व्हिसिंगच्या वेळी तिची तपासणी आवर्जून करून घ्या, आणि कुरकुर सुरू झाली की वाट न पाहता बदला. घरात आजारी माणूस असताना एवढी दक्षता घ्यायलाच हवी.

चालवण्याच्या सुखाबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण रोज ४० किलोमीटर शहरातून जाणाऱ्या माणसासाठी मला तेच सगळ्यात मोठं वाटतं. क्लच नाही, गिअर नाही. गर्दीत दहा-दहा फूट पुढे सरकताना डावा पाय आखडत नाही. चढावर सिग्नलला थांबलात आणि मागून कुणी चिकटला तरी गाडी मागे जाईल की काय ही भीती नाही, कारण मोटर शून्य वेगापासूनच पूर्ण जोर देते. इंजिनाची घरघर नसते, आणि संध्याकाळी घरी पोहोचताना तो थकवा कमी झालेला जाणवतो. ऑटोमॅटिक पेट्रोल गाडीत यातलं काही मिळतं, सगळं मिळत नाही. शिवाय पेट्रोल गाडी गर्दीत सगळ्यात जास्त इंधन वाया घालवते, विजेच्या गाडीचं उलट आहे. थांबलेली असताना मोटर काहीच खात नाही, आणि वेग कमी करताना तीच मोटर जनित्र होऊन थोडी वीज बॅटरीत परत टाकते. म्हणून ही गाडी शहरात तिच्या कागदावरच्या आकड्याच्या जवळ जाते आणि मोकळ्या महामार्गावर मागे पडते.

या वीज परत मिळवणाऱ्या ब्रेकिंगची सवय करून घ्यावी लागते. पाय उचलला की गाडी लगेच मंदावते. तुम्हाला दोन दिवसांत जमेल, पण मागे बसलेल्या सासऱ्यांना त्या हेलकाव्यांनी मळमळेल. बहुतेक गाड्यांत त्याचा जोर कमी-जास्त करता येतो. ते मागे असतील तेव्हा कमीवर ठेवा आणि पाय हळूहळू उचला. बॅटरी अगदी १०० टक्के भरलेली असेल तेव्हा परत आलेल्या विजेला जागाच नसते, म्हणून तेव्हा हा परिणाम कमी जाणवतो. अशा वेळी ब्रेक बिघडला असं समजून घाबरू नका.

सासऱ्यांच्या दृष्टीने आणखी दोन गोष्टी सांगते. चांगली अशी की दवाखान्याबाहेर तासभर थांबावं लागलं तर गाडीतला एसी किंवा हीटर धूर न सोडता चालू ठेवता येतो. एसीला तासाला एक युनिटच्या आसपास वीज लागते, म्हणजे सहा-सात किलोमीटरचा पल्ला. निघण्याआधी पाच-दहा मिनिटं मोबाइलवरून गाडी थंड किंवा उबदार करून ठेवता येते, तळघरातसुद्धा. पेट्रोल इंजिन बंदिस्त तळघरात नुसतं चालू ठेवणं धोक्याचं असतं, त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. दुसरी गोष्ट सावध करणारी. बॅटरी तळाखाली असते, त्यामुळे बऱ्याच गाड्यांत, विशेषतः मूळच्या पेट्रोल गाडीवरून बेतलेल्या गाड्यांत, मागच्या सीटपुढची जमीन उंच येते. बसणाऱ्याचे गुडघे वर येतात आणि मांड्यांना आधार मिळत नाही. तरुण माणसाला ते चालून जातं, पण गुडघे दुखणाऱ्याला अर्ध्या तासात असह्य होतं. चाचणीला जाताना सासऱ्यांना बरोबर न्या, मागे बसवा, आणि चढण्या-उतरण्याबद्दल त्यांचंच मत घ्या.

देखभालीचं थोडक्यात सांगते. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, क्लच, सायलेन्सर हे काहीच नसल्याने गॅरेजच्या फेऱ्या कमी होतात. ब्रेक पॅडही जास्त टिकतात. एसीचा फिल्टर, ब्रेक ऑइल, बॅटरी थंड ठेवणारं कूलंट, वायपर यांची देखभाल राहतेच. टायर मात्र लवकर झिजू शकतात, कारण गाडी जड असते आणि मोटरचा जोर एकदम येतो. आणि कोपऱ्यावरचा तुमचा नेहमीचा मेकॅनिक विजेच्या मुख्य यंत्रणेला हात लावू शकणार नाही. अधिकृत केंद्र घरापासून किती लांब आहे हे पाहून घ्या. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल तर कमी फेऱ्यांची सोय तिथेच निम्मी होते.

आता माहेरचा रस्ता. इथे तुमच्या दिरांची बाजू भक्कम आहे, आणि ती का भक्कम आहे ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. ही स्पर्धा पूर्वी एकदा होऊनही गेली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेट्रोल गाडी चालू करायला पुढून लोखंडी हँडल फिरवावं लागे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर हात मोडत असे. तेव्हा शहरात फिरायला अनेकांना, विशेषतः बायकांना, विजेची गाडी बरी वाटे. मग १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि पेट्रोल गाडीची सगळ्यात मोठी अडचण दूर झाली. उरला तो तिचा फायदाच, लांब पल्ला आणि झटपट भरणारी टाकी. तो फायदा आजही तिच्याकडे आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते आणि पंपाची नळी मिनिटाला ३० लिटरहून जास्त पेट्रोल ओतू शकते. इंजिन त्यातली बरीचशी ऊर्जा उष्णतेत घालवतं, जेमतेम पंचवीस-तीस टक्के चाकांपर्यंत पोहोचवतं. तरीही ६० किलोवॅटचा जलद चार्जर मिनिटाला एक युनिट देतो, हे त्याच्याशेजारी ठेवून बघा. त्याहून दुप्पट-चौपट जोराचे चार्जर आहेत, पण तुमची गाडी जेवढी वीज घेऊ शकते तेवढीच ती घेणार.

साडेपाचशे किलोमीटरचा आराखडा मांडू. समजा, गाडीची बॅटरी ४५ युनिटांची आहे. महामार्गाच्या वेगाला ती १०० किलोमीटरला १६-१७ युनिट खाईल. घरून पूर्ण भरून निघालात आणि १० टक्के उरल्यावर थांबायचं ठरवलंत, तर पहिला टप्पा सुमारे २४० किलोमीटरचा. तिथे ८० टक्क्यांपर्यंत भरलंत की पुढचा टप्पा १९० चा. मग आणखी एकदा थोडं भरून माहेर. म्हणजे दोन थांबे, पहिला पाऊण तासापर्यंतचा, दुसरा त्याहून लहान. मुलगी आणि सासरे बरोबर असताना एवढ्या प्रवासात तुम्ही एरवीही दोनदा थांबतच असाल, तेव्हा सगळं सुरळीत झालं तर घरी पोहोचायला तासाभराच्या आतबाहेर जास्त लागेल. ८० च्या पुढे मात्र तिथे बसून राहू नका. बॅटरी भरत आली की ती वीज हळूहळू घेते, आणि शेवटच्या २० टक्क्यांना आधीच्या कितीतरी टक्क्यांइतका वेळ जातो.

सगळं सुरळीत झालं नाही तर? चार्जर बंद, पुढे दोन गाड्या, किंवा त्या कंपनीचं अॅप तुमच्या फोनवर नाही आणि तिथे नेटवर्कही नाही. असा एखादा प्रसंग येईलच असं धरून चाला. म्हणून चार्जरवर १० टक्क्यांनी पोहोचायचं ठरवूच नका, २० टक्के धरा, आणि प्रत्येक ठरलेल्या चार्जरच्या पुढे तीस-चाळीस किलोमीटरच्या आत दुसरा कुठला आहे ते निघण्याआधी बघून ठेवा. वाटेतल्या कंपन्यांची अॅप घरूनच उतरवून, पैसे भरून तयार ठेवा. प्रत्येकाचं वेगळं अॅप, हा आजच्या घडीचा खरा मनस्ताप आहे आणि त्यात चालकाची काहीच चूक नाही. घाट चढताना आकडा भराभर उतरतो, घाबरू नका, उतरताना त्यातला काही परत येतो. वेग आवरा. ताशी ८० वरून १०० वर गेलं की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, आणि पल्ला डोळ्यांदेखत घटतो. कडक थंडीतही तो बराच कमी होतो, कारण गाडी उबदार ठेवायला इंजिनाची फुकटची उष्णता नसते. माहेरी पोहोचल्यावर तिथे पंधरा अँपिअरचा चांगला पॉइंट असेल तर परतीची निम्मी चिंता मिटली. तो आधी तपासून घ्या. आणि गाडी वाटेत बंद पडलीच तर दोर बांधून टोचन करू देऊ नका. चाकं फिरली की मोटर फिरते आणि नुकसान होऊ शकतं. चारही चाकं वर घेणारा ट्रकच मागवायचा.

बॅटरी केवढी घ्यावी, हेही याच हिशेबातून निघतं. जाहिरातीतला पल्ला प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. त्यातला पाऊण हिस्सा महामार्गावर मिळेल असं धरा. तुमच्या रोजच्या वापराला लहान बॅटरीही पुरते. मात्र जो आकार घेतल्यावर माहेरच्या वाटेतला एक थांबा पूर्ण टळतो, त्या आकाराचा विचार करा.

प्लगला समितीने नकार दिला आणि पेट्रोलकडे वळावं लागलं, तर हायब्रिड गाडी चालवून बघा. त्यात मोटर आणि इंजिन दोन्ही असतात, बॅटरी इंजिन आणि ब्रेकिंगवरच भरते, प्लग लागत नाही. गर्दीतली शांतता, क्लचपासून सुटका आणि पाच मिनिटांत भरणारी टाकी, तिन्ही मिळतात. आज चार्जिंगची जागा नसलेल्या माणसाला मी तीच सुचवते.

पण प्लग मिळाला तर घरात वाद घालत बसू नका. दोन-तीन दिवसांसाठी विजेची गाडी भाड्याने घ्या आणि तिने माहेरी जाऊन या. जाताना यजमानांना चालवू द्या, चार्जर शोधण्याचं काम तुम्ही करा, येताना उलट करा. शक्य झालं तर दिरांनाही बरोबर न्या. ही फेरी सुट्यांच्या गर्दीतच करा. तुम्ही एरवीही माहेरी जाल ते त्याच दिवसांत, आणि चार्जरपुढे रांग किती लागते ते त्याच दिवसांत कळतं.